सहाशे मीटर, पण कुठे?

ऑक्टोबरातल्या मॅप रीडिंगला आमच्या सेक्शनचा कंपास माझ्याकडे होता. हुकूम साधा होता : बेअरिंग ४० अंश, अंतर ६०० मीटर. मी पावले नीट मोजली. पोचलो तिथे मात्र पाण्याची टाकी नव्हती, नुसती कीकरची झुडपे. सुईचे दक्षिण टोक उत्तर समजून मी सगळ्यांना २२० अंशांवर नेले होते!

"सर, अंतर तर बरोबर होतं," मी म्हणालो. सर हसले नाहीत. टाकी आमच्यापासून १२०० मीटर दूर होती आणि सेक्शनचे सगळे गुण गेले.

अंतर ही अदिश राशी. आकडा आणि एकक सांगितले की झाले; वस्तुमान, वेळ, तापमान यांचेही तसेच. विस्थापन ही सदिश राशी, तिला दिशाही लागते. आम्ही जिथून निघालो तिथे परत आलो तेव्हा चाललेले अंतर १२०० मीटर होते, विस्थापन शून्य. पायांना ते पटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला दिल्लीहून पानिपतला काला आंब येथे नेले. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी उत्तरेला कुंजपुरा घेतला आणि मागे बागपतजवळ अब्दालीने यमुना ओलांडली. दिल्ली-पानिपत अंतर होते तेवढेच राहिले, सुमारे ९० किलोमीटर. पण दक्षिणेकडून आलेल्या मराठ्यांचा घरचा रस्ता आता शत्रूच्या पलीकडे गेला. रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला मराठे दक्षिणेकडे तोंड करून लढले.

गाडीत बाबांनी विचारले, "अब्दालीचा घोडा सरळ पश्चिमेला पोहला, तर समोरच्याच काठाला लागेल का?" नाही. यमुना तिथे दक्षिणेकडे वाहते. सोयीसाठी होडी धरू : होडीचा वेग पश्चिमेला सेकंदाला ४ मीटर, प्रवाहाचा दक्षिणेला ३ मीटर. बेरीज ७ नाही, ५ येते, कारण हे वेग काटकोनात आहेत आणि पायथागोरस लागतो. पात्र २०० मीटर रुंद असेल तर ५० सेकंदांत होडी पार होते, पण १५० मीटर खाली जाऊन लागते. गंमत म्हणजे प्रवाह कितीही जोराचा असला तरी वेळ ५० सेकंदच, कारण तो होडीला पलीकडे ढकलतही नाही आणि अडवतही नाही.

इथे माझा एक गैरसमज गेला. दिशा असली की राशी सदिश, असे मी समजत होतो. विद्युतधारेलाही दिशा असते, तरी ती अदिश. तारेच्या जोडावर ३ आणि ४ अँपिअर येऊन मिळाले तर पुढे ७ च जातात, मग तारा कोणत्याही कोनात असोत. सदिश राशी त्रिकोणाच्या नियमानेच मिळवाव्या लागतात.

काला आंबला मी कंपास काढला. दिल्ली १६० अंशांच्या आसपास आली. सुईचे टोक या वेळी दोनदा तपासले.