दुष्काळाचा स्त्रियांवर पडणारा भार
(दात्यांच्या विचारार्थ एक टिपण)

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत धान्य किती मण वांटलें, गुरें किती पोसलीं व माणसें किती कामावर लाविलीं, ह्यांचे आंकडे दिलेले असतात, व ते दिलेच पाहिजेत. परंतु ह्या हिशेबांत कुटुंबाच्या वतीनें ज्याचें नांव लिहिलें जातें, तो बहुधा कर्ता पुरुष असतो. एकाच घरांतील पुरुषास व स्त्रीस तेंच अवर्षण निरनिराळ्या रीतीनें गांठतें. ही गोष्ट दानाचा विनियोग ठरवितांना नजरेआड झाली, तर सद्धेतूनें दिलेला पैसाहि योग्य स्थळीं पोहोंचत नाहीं. म्हणून व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थ ह्यांच्यापुढें हा विषय थोडक्यांत मांडीत आहें.

प्रथम मृत्यूचा हिशेब पाहूं. सन १९९१ च्या एप्रिलांत बांगलादेशच्या किनाऱ्यावर झालेल्या तुफानांत सुमारें १,४०,००० माणसें दगावलीं. त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचा नाश अधिक झाला. सन २००४ च्या डिसेंबरांत समुद्राची प्रचंड लाट तामिळनाडूच्या नागपट्टणम् व कडलूर ह्या भागांवर आली, तेव्हांहि पुष्कळ गांवीं तोच अनुभव आला. कडेवर मूल, अंगावर लांब लुगडें, पोहण्याची संवय नाहीं, हीं त्याचीं उघड कारणें होत. दुष्काळाची गोष्ट मात्र उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत पुरुषांच्या मृत्यूचें प्रमाण स्त्रियांपेक्षां जास्त वाढलें. स्त्रीचें शरीर उपासमारीस अधिक काळ तोंड देतें, आणि कामाच्या शोधार्थ दूर भटकणारे पुरुष रोगांस लवकर बळी पडतात, अशी त्याची उपपत्ति लावितात. परंतु ह्यावरून दुष्काळ स्त्रियांस सौम्य जातो, असें अनुमान काढणें चुकीचें होईल. जी जगते, तिच्याजवळ दुष्काळ सरल्यावर काय उरतें, हेंहि पाहिलें पाहिजे.

घरांतील धान्य संपलें म्हणजे पहिल्यानें सराफाकडे जातो तो स्त्रीचा दागिना. सन १८७६-७८ च्या दुष्काळांत चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळींत मोठ्या प्रमाणावर वितळविण्यास आले. ह्या व्यवहारास आमच्या धर्मशास्त्राचाहि आधार होता. दुष्काळांत, धर्मकार्यांत, व्याधींत किंवा अटकेंत सांपडला असतां पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत करण्यास तो बांधलेला नाहीं, असें याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. मात्र पतीवांचून अन्य कोणा नातलगानें तिच्या हयातींत तें घेऊं नये, अशी मर्यादा विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत घातली. सन १९८५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्त्रीधन हें सर्वस्वीं पत्नीच्या मालकीचें असून सासरीं तें केवळ विश्वासानें ठेविलेलें असतें, असा निर्णय दिला. कायदा इतका पुढें आला. परंतु अवर्षणाच्या वर्षीं मोडलेलें डोरलें पुढच्या सुगींत परत घडविलें गेल्याचीं उदाहरणें थोडींच आढळतील. पुरुषाची जमीन गहाण पडली तर ती सोडविण्याची खटपट होते. स्त्रीचें धन विकलें जातें, आणि त्याची नोंदहि कोठें राहत नाहीं.

दुसरी गोष्ट मजुरीची. सन १८७७ मध्यें सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाच्या मजुरींतील धान्याचा वांटा एक रत्तलावर आणिला. स्त्रीची मजुरी त्याहूनहि कमी होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या कपातीविरुद्ध निकरानें लिहिलें. पुढें सन १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या मे महिन्यांत पन्नास लाखांच्या जवळ पोहोंचली. खडी फोडणें, पाझर तलाव, नाल्यांचे बांध ह्या कामांवर स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. ह्याच अनुभवांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, व समान कामास समान दाम आणि कामावर मुलांसाठीं पाळणाघर हीं तत्त्वें रुजलीं. तरीपण टोळीच्या मापाचे पैसे पुरुषाच्या हातीं पडत, आणि पाळणाघर पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राही. ऊसतोडीच्या धंद्यांत तर नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात; उचल त्याला मिळते, व ती फेडण्याचें ओझें दोघांवर पडतें.

तिसरी गोष्ट मागें राहिलेल्या स्त्रियांची. कर्ता पुरुष शहराकडे निघून गेला किंवा वारला, म्हणजे पाणी, जळण, म्हातारींकोतारीं व गुरें हीं तिच्या एकटीच्या गळ्यांत पडतात. शेत सासऱ्याच्या नांवावर, कर्ज नवऱ्याच्या नांवावर. सातबारावर तिचें नांव नसल्यानें पीककर्ज व भरपाई ह्यांच्या वाटा तिला जवळजवळ बंद होतात. ज्यांचें कोणीच नाहीं त्यांची स्थिति ह्याहून बिकट. पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण दुष्काळांतच निवर्तलीं. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत दुष्टांच्या हातीं पडण्याचें भय असलेल्या शेंकडों मुली व विधवा त्यांनीं मध्यप्रांतांतून केडगांवीं आणिल्या, त्या स्वानुभवामुळेंच.

ह्या सर्वांवरून दात्यांस पुढील विनंति आहे.

१. मदत उशिरा न देतां पेरणी फसल्याचें दिसतांच द्यावी. दागिना व शेळी विकली जाण्यापूर्वीं दिलेला एक रुपया मागाहून दिलेल्या कित्येक रुपयांच्या तोडीचा असतो.

२. शिधा व रोख रक्कम घरांतील स्त्रीच्या हातीं, तिच्या नांवें द्यावी.

३. विधवा, टाकलेल्या व एकट्या स्त्रियांची यादी निराळी करावी. कुटुंबप्रमुखांच्या यादींत त्या सांपडत नाहींत.

४. पाण्याचा टँकर कामाच्या वेळेबाहेर व वस्तीजवळ यावा. नाहीं तर हंड्यापायीं तिचा रोज बुडतो.

५. सराफ व सावकार मंडळींनीं दुष्काळाच्या वर्षीं गहाण आलेला स्त्रियांचा दागिना न मोडतां सुगीपर्यंत राखून ठेवावा, व व्याजांत सूट द्यावी.

६. जमीनदारांनीं आपल्या घरच्या व कुळांच्या स्त्रियांचीं नांवें कायद्याप्रमाणें दप्तरीं लागतील असें पाहावें.

ह्यांतील शेवटल्या दोन कलमांस वर्गणीचा एक पैसाहि लागत नाहीं. तीं पाळणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. उरलेल्या चारांसाठीं मंडळास द्रव्य हवें. तें देतांना कोणत्या कलमासाठीं दिलें, हें दात्यानें लिहून कळवावें, म्हणजे पुढील अहवालांत त्याचा जमाखर्च निराळा दाखवितां येईल.