हाक कोणत्या नावाने?



मूल स्वतःला मुलगा समजते की मुलगी, हा प्रश्न मांडणाऱ्या तीन युरोपीय चित्रपटांचा आपण येथे अभ्यास करणार आहोत. असा विषय ख्रिस्ती मासिकात कशाला, असे कोणी विचारील. यांपैकी दोन चित्रपटांत देव आणि बाप्तिस्मा कथेतच येतात, आणि असे मूल आपल्या मंडळीतील एखाद्या घरातही असू शकते. म्हणून हे चित्रपट पाहताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे, ती म्हणजे मोठी माणसे त्या मुलाला कोणत्या शब्दाने संबोधतात.

आलाँ बर्लिनेर यांचा 'मा वी आँ रोज' हा चित्रपट १९९७ चा. सात वर्षांचा ल्युदोविक शेजाऱ्यांच्या मेजवानीत झगा घालून येतो, तेव्हा वडील ती गंमत म्हणून हसण्यावारी नेतात. पुढे मात्र ती गंमत राहत नाही. शाळेतून त्याला काढावे म्हणून पालक सह्या गोळा करतात, वडिलांची नोकरी जाते, आई रागाने त्याचे केस कापते. बहिणीकडून गुणसूत्रांची माहिती ऐकून ल्युदोविक आपल्यापुरता उलगडा करतो: देवाने आपल्यासाठी टाकलेले एक एक्स चुकून कचऱ्याच्या डब्यात पडले असावे. प्रेक्षक येथे हसतात, पण त्या बालबुद्धीत देवाविषयी तक्रार नाही, हे ध्यानात घ्यावे. देवाचा हेतू चांगलाच होता, मध्येच काही घोटाळा झाला, एवढेच ते मूल म्हणते. शेजारी मात्र फार भडक रंगवले आहेत, हा या चित्रपटाचा दोष मला वाटतो. असली माणसे आपण नव्हेच, असे म्हणून प्रेक्षक सहज सुटतो.

सेलिन सियामा यांच्या २०११ च्या 'टॉमबॉय'मध्ये ही सुटका नाही, कारण घर प्रेमळ आहे. दहा वर्षांची लोर नव्या वस्तीत राहायला येते. आखूड केसांमुळे लिसा नावाची मुलगी तिला विचारते, "तू नवा आहेस का?" फ्रेंचमध्ये हे विशेषण पुल्लिंगी आहे. त्या एका प्रत्ययाने दार उघडते, आणि लोर आपले नाव मिकाएल असे सांगते. इंग्रजी भाषांतरात हा धागा तुटतो, कारण तेथे विशेषणाला लिंग नाही. मराठीत तो टिकतो. (पण मराठीत वेगळीच अडचण उभी राहते. 'मी येतो' की 'मी येते', हे ठरवल्यावाचून त्या मुलाला आपल्याकडे एक वाक्यही धड बोलता येणार नाही.) पुढे आई मुलाला बळेच झगा घालून शेजाऱ्यांच्या दारी नेते. आई दुष्ट नाही, ती घाबरली आहे. शेवटी लिसा पुन्हा नाव विचारते आणि उत्तर येते, "लोर." हे मूल पुढे कोण होणार, याचा निकाल दिग्दर्शिका देत नाही, आणि मला तो संयम योग्य वाटतो.

तिसरा चित्रपट २०२३ चा, एस्तिबालिस उरेसोला सोलागुरेन यांचा 'मधमाश्यांच्या वीस हजार जाती'. यातील अभिनयासाठी अवघ्या नऊ वर्षांच्या सोफिया ओतेरोला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. बास्क प्रांतात एका बाप्तिस्म्यासाठी कुटुंब जमते. आठ वर्षांच्या मुलाचे ठेवलेले नाव आयतोर, पण ते त्याला नको आहे. म्हणून सगळे 'कोको' म्हणतात. येथे दोन भाषा ऐकू येतात. स्पॅनिशमध्ये विशेषणालाही लिंग आहे, तर बास्कमध्ये नामाला लिंग नाही आणि 'तो' व 'ती' यांसाठी शब्दही एकच. आजी धर्मनिष्ठ आहे. मधमाश्या पाळणारी दुसरी एक वृद्ध नातलग त्या मुलाचे निमूटपणे ऐकून घेते. आणि मुलाला हवे असलेले नाव सापडते ते संत लुसियाच्या मूर्तीपाशी!

आपल्या मराठीत 'मूल' आणि 'लेकरू' हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. मत्तय १८:२ मध्ये प्रभू येशू ज्या बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो, त्यासाठी आलेला 'पैदिऑन' हा ग्रीक शब्दही तसाच आहे. व्याकरणावरून सिद्धांत काढू नये, हे मी जाणतो. तरी ते बालक मुलगा होते की मुलगी, हे त्या शब्दावरून कळत नाही एवढे खरे.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ते आठ वर्षांचे मूल नाहीसे होते. घरचे लोक 'आयतोर! आयतोर!' म्हणून शोधत फिरतात, पण ओ येत नाही. मग त्यांच्यातूनच हाक उठते, "लुसिया!"