न संपणारी बेरीज

गुणश्रेढीचा धडा चालला असतां वरच्या वर्गांत एक शंका हटकून निघते. फळ्यावर १/२ + १/४ + १/८ + १/१६ अशी रांग मांडून पुढें टिंबें दिलीं व हिची बेरीज १ होते असें सांगितलें, कीं एखादा विद्यार्थी उठून विचारतो, "गुरुजी, जी रांग कधीं संपतच नाहीं, तिची बेरीज पुरी कशी होणार ?" शंका रास्त आहे. "सूत्रांत घालून पाहा" एवढ्यावर तिची बोळवण करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

एक भाकरी घ्यावी. तिची अर्धी खावी, उरलेल्या अर्धीची पुन्हां अर्धी खावी, आणि असेंच पुढें चालवावें. (हा प्रयोग घरीं प्रत्यक्ष करूं नये, अन्नाचा चुरा केल्याबद्दल मातोश्रींचा रोष होईल.) दहा वेळां खाल्ल्यावर भाकरीचा १/१०२४ एवढाच कण उरतो. खाल्लेला भाग एका भाकरीहून अधिक कधींच होणार नाहीं, आणि उरलेला कण मात्र हवा तितका लहान करतां येईल. बेरीज १ आहे याचा अर्थ कोणीं बसून सगळीं पदें मिळविलीं असा नव्हे. घेतलेल्या पदांची बेरीज आपण म्हणूं तितकी १ च्या जवळ जाते व मग तेथून दूर सरत नाहीं, एवढाच तो अर्थ. अशा श्रेढीस अभिसारी म्हणतात. फ्रेंच गणिती कोशी यानें १८२१ सालच्या आपल्या ग्रंथांत ही कल्पना काटेकोरपणें मांडली.

इतकें समजलें कीं विद्यार्थी उत्साहाच्या भरांत एक सिद्धान्त स्वतःच बांधून मोकळे होतात : पदें लहान होत होत शून्याकडे गेलीं, तर बेरीज कोठें तरी थांबलीच पाहिजे. विद्यार्थिदशेंत आम्हीही हेंच मानीत होतों. आतां ही श्रेढी पाहा :

१ + १/२ + १/३ + १/४ + १/५ + ...

चार पदांत बेरीज २ च्या पुढें जाते. ३ ओलांडावयास ११ पदें लागतात, ४ ओलांडावयास ३१, ५ ओलांडावयास ८३. दहाच्या पुढें जावयास १२,३६७ पदें हवींत, आणि वीसच्या पुढें जावयास सत्तावीस कोटींहूनही अधिक. पाटी घेऊन बसलेला मनुष्य शपथेवर सांगेल कीं ही गाडी आतां थांबली. परंतु ती थांबत नाहीं.

याचें प्रमाण निकोल ओरेम या फ्रेंच धर्मोपदेशकानें इ. स. १३५० च्या सुमारास दिलें. त्यानें पदांचे वाटे पाडले. १/३ आणि १/४ यांचा एक वाटा. त्यांतील कोणतेंही पद १/४ हून लहान नाहीं, म्हणून वाटा १/२ हून मोठा. पुढील चार पदें, १/५ पासून १/८ पर्यंत. हा वाटाही १/२ हून मोठा. पुढील आठ पदांचें तेंच, त्यापुढील सोळांचेंही तेंच. वाटे कधीं संपत नाहींत, आणि प्रत्येक वाटा अर्ध्याहून अधिक भर घालतो. तेव्हां कोणतीही संख्या सांगा, ही बेरीज तिच्या पुढें जाईलच. अशी श्रेढी अपसारी होय. ओरेम १३७७ सालीं लिझ्यू येथील बिशप झाला. त्याचें हें प्रमाण पुढें विस्मृतींत गेलें, आणि सतराव्या शतकांत इटलींतील मेंगोली यास तोच सिद्धान्त नव्यानें सिद्ध करावा लागला.

मौज अशी कीं हेच वाटे उलट निकालही देतात. छेदांचे वर्ग करा : १ + १/४ + १/९ + १/१६ + ... येथें १/४ व १/९ मिळून १/२ हून कमी. पुढील चार पदें मिळून १/४ हून कमी. पुढील आठ मिळून १/८ हून कमी. म्हणजे आपली भाकरीच परत आली, व एकंदर बेरीज २ च्या आंत राहिली. तिची नेमकी किंमत, सुमारें १.६४५, ऑयलर यानें १७३५ च्या सुमारास काढली. ती पायच्या वर्गाचा सहावा हिस्सा आहे. वर्तुळाचा पाय येथें कोठून आला, हें मात्र कॉलेजांत गेल्यावरच उलगडेल.

सुटींत करण्यासारखें एक काम देतों. ओरेमच्या श्रेढींतून ज्या छेदांत ९ हा अंक कोठेंही येतो तीं सर्व पदें खोडावीं : १/९, १/१९, १/९० इत्यादि. उरलेली श्रेढी अभिसारी आहे, असें केंप्नर यानें १९१४ सालीं दाखविलें. तिची बेरीज २३ हूनही कमी आहे. तितकें सिद्ध करणें अवघड. पण ती ८० च्या पुढें जाणार नाहीं, एवढें एकअंकी, दोनअंकी, तीनअंकी छेदांचे वाटे पाडून शाळेंतील विद्यार्थ्यासही दाखवितां येईल.