पेल्याचा तिसरा हिस्सा गेला कुठे?

चाकाच्या खाचेत काठी घालून कुंभार ते कसे गरगरा फिरवतो, हे तुम्ही पाहिले असेल. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेस माशिको नावाचे गाव आहे. तेथील विख्यात कलावंत शोजी हामादा (१८९४–१९७८) हेदेखील असेच काठीने फिरवायचे चाक वापरीत. जड चाकाला एकदा गती दिली की जडत्वामुळे ते काही काळ फिरत राहते. तेवढ्या अवधीत भांडे घडवायचे!

जपानी लोक रोजचा चहा ज्या उंचट, कान नसलेल्या पेल्यातून पितात, त्याला ‘युनोमी’ म्हणतात. कारागीर चाकावर मातीचा मोठा गोळा ठेवतो आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक पेले काढून दोऱ्याने कापून घेतो. सर्व पेले सारखे यावेत म्हणून तो बांबूचे एक साधे माप वापरतो. उभ्या काडीत आडवी काडी बसवलेली असते. उभी काडी खोली दाखवते, आडवी काडी व्यास. पंख पसरलेल्या चतुरासारखे दिसते म्हणून त्याचे नाव ‘तोम्बो’, म्हणजे चतुर.

परंतु हे माप तयार पेल्याचे नसते, ओल्या पेल्याचे असते. समजा, ओल्या पेल्याचा आतील व्यास ७.५ सें.मी. व खोली ८ सें.मी. आहे. भट्टीतून निघाल्यावर तोच पेला ६.६ सें.मी. व्यासाचा आणि सुमारे ७ सें.मी. खोलीचा भरतो. लांबीतील आकुंचन १२ टक्के झाले. आता घनफळ काढा. आधी ३५३ घन सें.मी., नंतर २४१! ०.८८ चा घन ०.६८ येतो, म्हणून पेल्यात मावणारा जवळजवळ तिसरा हिस्सा चहा नाहीसा झाला.

असे का होते? चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म व चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचे पातळ थर असतात. त्यामुळे कण एकमेकांवरून घसरतात आणि माती हवा तो आकार घेते. वाळताना हे पाणी निघून जाते व कण जवळ सरकतात. हे पहिले आकुंचन. दुसरे भट्टीत होते. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसला मातीत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी बाहेर पडते. पुढे १२५० अंशांच्या आसपास मातीतील काही खनिजे वितळतात, तो काचेसारखा द्रव छिद्रे भरून काढतो आणि पेला पुन्हा आक्रसतो.

आकुंचन सर्वत्र सारखे झाले तर काहीच बिघडत नाही. धोका असतो तो असमान आकुंचनाचा. पेल्याची भिंत बोटांच्या चिमटीत दाबली जाते, पण तळ तसाच राहतो. तेथील कण सैल, पाणी अधिक. त्यातच कड आधी वाळते, तळ मागून. तळ आक्रसू पाहतो, पण वाळून ताठ झालेली भिंत त्याला सरकू देत नाही. मग तळाला तडा जातो, पुष्कळदा ‘एस’ या इंग्रजी अक्षरासारखा. म्हणून जाणता कारागीर पेला घडवतानाच तळ बोटाने दाबून घट्ट करतो आणि पेले सावलीत, सावकाश वाळवतो.

आता एक सावधगिरी. ६.६ सें.मी. व्यास हवा असेल, तर ओला पेला किती मोठा करावा? वर्गात बहुतेक मुले ६.६ मध्ये १२ टक्के मिळवून ७.३९ असे उत्तर देतात. ते चूक आहे. टक्केवारी ओल्या मापाची आहे, म्हणून ६.६ ला ०.८८ ने भागावे. उत्तर ७.५ येते. फरक केवळ एका मिलिमीटरचा, पण तेवढ्याने झाकण बसत नाही!

करून पाहा : शाडूची १४ सें.मी. लांब, ३ सें.मी. रुंद व १ सें.मी. जाड पट्टी करा. तिच्यावर बरोबर १० सें.मी. अंतरावर दोन खुणा करा. सावलीत, रोज उलटत वाळवा. मी पहिल्यांदा घाईने उन्हात ठेवली, तर ती पापडासारखी वळली व मधोमध तडकली. पूर्ण वाळल्यावर अंतर मोजा. ९.४ सें.मी. भरले तर आकुंचन ६ टक्के.

मग सांगा, या मातीची १ लिटर पाणी मावणारी ओली कुंडी वाळल्यावर तीत किती मावेल?