तपासणीला येणाऱ्या साहेबांना कोण शिकवतं?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत केंद्रप्रमुख येतात, हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदी बघतात, शेरेबुकात लिहून सही करतात आणि निघतात. शिक्षकांची प्रशिक्षणं तर सारखी चालू असतात. तपासणाऱ्यांना कोणी शिकवतं का?
– एक पालक, शिरपूर तालुका

उत्तर : सोय आहे. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. जळगावला आणि धुळ्यालाही त्या आहेत. मुख्याध्यापकांना आणि तालुका पातळीपर्यंतच्या अधिकाऱ्यांना शिकवणं हे त्यांचं मूळ कामच आहे. पण अधिकाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा नव्या योजनेची नाहीतर नव्या पोर्टलची माहिती येते. वर्गात बसून काय पाहायचं, ते राहूनच जातं.

तपासणीबद्दलची तक्रार जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, आणि मधूनमधून न कळवताही. १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचं पद आलं, साधारण दहा शाळांमागे एक. भेटी वाढल्या, पण भेटीत घडतं काय, हा तुमचा प्रश्न उरलाच.

माझ्या मते पहिली गरज आहे ती लहान मुलाचं वाचन ऐकायला शिकण्याची. बढतीने आलेले बरेच केंद्रप्रमुख सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकांमधून आलेले असतात. पहिलीतलं मूल अक्षरावर अडलंय, जोडाक्षरावर अडलंय की अर्थावर, हे ओळखणं वेगळं कौशल्य आहे. ते सरावानेच येतं. तुमच्या भागात त्यात भाषेची भर पडते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपड्याकडे, घरात पावरी बोलणारं मूल मराठीचा धडा घडाघडा वाचतं आणि त्यातलं काहीच समजलेलं नसतं. खाली मैदानातल्या मुलाची घरची भाषा अहिराणी. हे ठाऊक नसलेला अधिकारी पहिल्या मुलाला 'वाचन उत्तम' लिहितो आणि दुसऱ्याला 'अशुद्ध बोलतो'. दोन्ही शेरे चुकीचे, आणि त्यांच्या भरवशावर शिक्षक वर्षभर चुकीच्या दिशेने मेहनत करतो. मला हे फार गंभीर वाटतं.

दुसरी गरज दोन इयत्ता एकत्र सांभाळायला शिकण्याची. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. एका खोलीत दोन इयत्ता बसतात. तिथे एक गट स्वतः काम करत असताना दुसऱ्याला कसं शिकवायचं, हे अधिकाऱ्याला स्वतः करून दाखवता आलं पाहिजे. पाठ संपल्यावर शिक्षकाशी चूक काढल्यासारखं न बोलता बोलणं, हेही शिकावं लागतं.

हे सभागृहात शिकवून होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन, वर्गांमध्येच बदल घडवला. तो पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. जळगाव-धुळ्याच्या प्रशिक्षण संस्थांनी केंद्रप्रमुखांना असंच दोन-तीन शाळांत बसवावं आणि महिन्याने पुन्हा त्याच वर्गात न्यावं.

तुमच्या हातातही काही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या भेटीनंतर समितीत शेरेबुक मागा. साहेब कोणत्या वर्गात किती वेळ बसले आणि किती मुलांचं वाचन त्यांनी ऐकलं, ते त्यात लिहिलेलं आहे का, ते बघा. नसेल तर तसं लिहिण्याचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.