मनू, तिथला भात आणि तिथली अळंबी

मनू, परवा रात्री तू पाठवलेला निरोप ऐकला. सासूबाई म्हणतात, टोकियोला जातेयस तर पाणीसुद्धा बाटलीतलंच पी. निखिलराव म्हणतात, इतक्या वर्षांनी फुकुशिमाचं काय घेऊन बसलीस. या दोघांच्या मधे तू, कडेवर दीड वर्षाची चिऊ. तुझी घालमेल कळते गं मला. त्या दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण तेवढ्यावर तुला झोप लागायची नाही. म्हणून आज सविस्तर सांगते. वर्गात मुलांना किरणोत्सार सूत्रांतून शिकवावा लागतो, तुला मी ओट्याशी उभी राहून सांगितल्यासारखं सांगते.

11 मार्च 2011. जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रात 9 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची प्रकल्पातल्या चालू अणुभट्ट्या लगेच आपोआप बंद झाल्या. पण बंद केलेल्या भट्टीतलं इंधनही तापतच राहतं, त्यावरून सतत पाणी खेळवावं लागतं. तासाभरात चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली, पंपांना वीज देणारी डिझेल जनरेटरं बुडाली. पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले, आणि आतली बरीच किरणोत्सारी द्रव्यं वाऱ्यावर गेली. त्यातली तीन नावं तू लक्षात ठेव: आयोडीन-131, सीझियम-134 आणि सीझियम-137.

आयोडीन सगळ्यात आधी छळतं. आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, त्यात साधं कुठलं आणि किरणोत्सारी कुठलं हा भेद तिला कळत नाही. लहान मुलांची ग्रंथी तर इवलीशी, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर जास्त बसतो. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली, तेव्हा गवतावर आयोडीन पडलं, गायींनी ते गवत खाल्लं, आणि गावोगावच्या मुलांनी ते दूध प्यायलं. कुणी वेळेवर नको म्हणून सांगितलं नाही. त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये पुढच्या वीस वर्षांत थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण सापडले. सगळेच काही त्या दुधामुळे नव्हते, पण फार मोठा वाटा त्याचाच होता. बहुतेक मुलं उपचारांनी वाचली, तरी मला याचा राग अजून येतो. दूध काही आठवडे थांबवलं असतं तर पुष्कळसं टळलं असतं.

जपानमध्ये ती चूक झाली नाही. अपघातानंतर दहाएक दिवसांत फुकुशिमाचं दूध आणि आसपासच्या जिल्ह्यांतला पालक बाजारात येणं बंद केलं. टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात 22 मार्चला लिटरमागे 210 बेक्वेरेल आयोडीन सापडलं. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. बाळांसाठी मर्यादा 100 ची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तान्ह्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं जाहीर झालं, शहराने बाटल्या वाटल्या, आणि 24 तारखेला पाणी मर्यादेच्या आत आल्यावर ती सूचना मागे घेतली. सासूबाईंच्या मनात बसलंय ते पाणी हे. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं, ऐंशी दिवसांत त्याचा हजारावा भाग उरतो. 2011 चं आयोडीन केव्हाच संपलं. टोकियोच्या नळाचं पाणी तू पी, चिऊला पाज, त्यातच वरणभात शिजव.

खरं बोलायचंय ते सीझियमबद्दल. सीझियम-134 दोन वर्षांत निम्मं होतं, त्याचं आता जवळजवळ काही उरलेलं नाही. पण सीझियम-137 ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, म्हणजे चिऊ तुझ्या वयाची होईल तेव्हाही ते तिथे असेल. मात्र ते सगळीकडे सारखं पडलेलं नाही, ही गोष्ट मनाशी घट्ट धर. 15 मार्चला वारा वायव्येकडे वळला, वरून पाऊस आणि बर्फ आला, आणि हवेतलं सीझियम त्या पट्ट्यात खाली उतरलं. इताते नावाचं गाव प्रकल्पापासून तीस किलोमीटरच्या पलीकडे, सुरुवातीला बाहेरून आलेल्यांना तिथे आसरा मिळाला होता. पण महिन्याभराने ते अख्खं गावच हलवायचं ठरलं. किनाऱ्यालगतची कितीतरी गावं प्रकल्पाच्या जवळ असूनही त्याच्यापेक्षा हलक्यात सुटली. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून धोका मोजता येत नाही.

मातीत पडलेलं सीझियम काय करतं बघ. चिकणमातीच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये ते शिरतं आणि हळदीचा डाग पांढऱ्या साडीत बसावा तसं बसतं. पावसाने फारसं धुपत नाही, खोलवर जात नाही, वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच बहुतेक सगळं राहतं. म्हणून जपान्यांनी शेतांचा, अंगणांचा, शाळांच्या मैदानांचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर खरवडून काढला. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत, पालापाचोळा घालून कमावलेली ती सगळ्यात कसदार माती. काळ्या पिशव्यांत भरून ती रचली, आणि आता सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या जमिनीवर साठवलेली आहे. कायद्याने ती 2045 पर्यंत फुकुशिमाच्या बाहेर कायमची न्यायची आहे. अणुवीज स्वस्त की महाग याची चर्चा कुणी काढली की मला ती खरवडलेली माती आठवते. तिचा हिशेब युनिटच्या दरात मला तरी कुठे दिसत नाही.

जी माती राहिली, तिच्यासाठी शेतकऱ्यांनी दुसरी युक्ती केली. रोपाच्या मुळांना सीझियम हे पालाशसारखं वाटतं. मग जमिनीत भरपूर पालाश घातलं की मुळं तेच घेतात आणि सीझियम मागे राहतं. 2012 च्या हंगामापासून फुकुशिमात भाताचं प्रत्येक पोतं यंत्राखालून गेलं, वर्षाला एक कोटीच्या आसपास पोती. जपानची मर्यादा किलोला 100 बेक्वेरेल. 2015 च्या पिकापासून एकही पोतं तिच्यावर गेलं नाही, तेव्हा कुठे पुढे नमुना-तपासणीवर आले. तो भात तू डोळे मिटून घे. जगात इतका मोजलेला भात क्वचितच असेल.

पण रान तसं मोजलेलं नाही आणि धुतलेलंही नाही. फुकुशिमा जिल्ह्याचा सत्तर टक्के भाग जंगलाचा. घरांच्या कडेची वीसेक मीटरची पट्टी साफ केली, पुढचं तसंच आहे. तिथे पान गळतं, कुजतं, त्यातलं सीझियम बुरशीचे तंतू आणि मुळं परत वर घेतात, पुन्हा पान गळतं. म्हणून रानातली अळंबी आणि वसंतात लोक हौसेने खुडतात ते रानटी कोंब, यांच्यावर बऱ्याच भागात अजून विक्रीबंदी आहे. रानडुक्कर माती उकरून कंद आणि बुरशी खातं, म्हणून त्याच्या मांसात आकडा चढतो. हे फक्त जपानात नाही. जर्मनीत बव्हेरियाच्या जंगलात हरणांमधलं सीझियम कमी होत गेलं, रानडुकरांमधलं मात्र हटेना. ती डुकरं जमिनीखाली वाढणारी एक बुरशी उकरून खातात, आणि वरून झिरपत गेलेलं सीझियम त्या बुरशीत साठतं. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यात चेर्नोबिलच्या जोडीला 1960 च्या आसपासच्या अणुबॉम्ब चाचण्यांचंही सीझियम आहे. वेल्सच्या डोंगरांवर तर मातीत चिकण कमी आणि पीट जास्त. तिथे गवतातून मेंढ्यांत सीझियम येतच राहिलं, आणि मेंढ्यांच्या विक्रीवरची 1986 ची बंधनं थेट 2012 मध्ये उठली.

माशांचंही असंच आहे. समुद्राचा मासा शरीरातले क्षार सतत बाहेर टाकतो, त्याबरोबर सीझियमही जातं. नदी-तळ्यातला मासा क्षार धरून ठेवतो, म्हणून त्याच्यात ते जास्त काळ राहतं. बाजारातले समुद्राचे मासे तपासून येतात, ते खा. मे 2023 मध्ये प्रकल्पाच्या बंदराच्या आत पकडलेल्या एका माशात किलोला 18,000 बेक्वेरेल निघाले, हेही तुझ्यापासून लपवणार नाही. तिथे मासेमारी होत नाही आणि तो मासा बाजारात यायचा नव्हता, पण बंदराच्या आतली परिस्थिती त्यावरून कळते. त्याच वर्षी 24 ऑगस्टपासून प्रकल्पाच्या टाक्यांत साठलेलं दूषित पाणी गाळून समुद्रात सोडायला लागले. त्यात ट्रिटियम राहतं, ते गाळून निघत नाही. लिटरला 1,500 बेक्वेरेलच्या खाली येईल इतकं पातळ करून सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेला आकडा 10,000 आहे. माझं मत विचारशील तर, मला त्या पाण्याहून जास्त काळजी वितळलेल्या इंधनाची वाटते. ते जवळजवळ सगळं अजून तिथेच आहे.

आता प्राण्यांबद्दल. तू म्हणालीस, चेर्नोबिलात लांडगे माजलेत, म्हणजे किरणोत्साराने काही होत नाही ना? तसं नाही गं. माणूस गेला की शिकार, शेती, रस्ते गेले, म्हणून प्राणी वाढले. तिथे 1998 मध्ये सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानटी घोडेही टिकलेत. पण भट्टीशेजारचं पाइनचं जंगल सुरुवातीच्या माऱ्याने लाल पडून मेलं होतं, आणि फुकुशिमाच्या माकडांमध्ये रक्तपेशी कमी आढळल्याचा अभ्यास 2014 मध्ये आला. कारण नेमकं काय यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. संख्या वाढणं आणि प्रत्येक जीव निरोगी असणं या वेगळ्या गोष्टी, एवढं आपण धरून चालावं.

सासूबाईंना एक आठवण सांग, त्यांना पटेल. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेलं लोणी आपल्या मुंबईत उतरलं होतं. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात दावा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तज्ज्ञांच्या समितीने ते खाण्यास योग्य ठरवल्यावर 1988 मध्ये निकाल लागला. निकाल पटो न पटो, माझ्या लेखी मोठी गोष्ट ही की आकडा उघड सांगा असं म्हणणारी माणसं मुंबईत उभी राहिली. तूही तेच कर. जपानमध्ये तपासणीचे आकडे जाहीर होतात, ते वाचायची सवय लाव.

आणि पुन्हा कधी कुठे असा अपघात झालाच, तर पहिले दिवस दारं-खिडक्या लावून घरात राहा, पालेभाजी आणि ताजं दूध थांबव, चिऊसाठी बंद डब्यातलं दूध वापर. आयोडीनच्या गोळ्या सरकार सांगेल तेव्हाच, सांगेल तेवढ्याच. आपल्या मनाने नको.

एक गोष्ट मात्र ताई म्हणून हक्काने सांगते. फुकुशिमातून दीड लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. घाईत हलवलेले म्हातारे, आजारी, मनाने खचलेले असे मिळून या विस्थापनाशी जोडलेले मृत्यू त्या जिल्ह्यात 2,300 च्या वर नोंदलेत. त्सुनामीने तिथे घेतले त्याहून हे जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला किरणोत्सारामुळे थेट झालेलं आजारपण तिथल्या रहिवाशांमध्ये आढळलं नाही, पण तिथून आलेल्या मुलांना नव्या शाळांत घाणेरडं म्हणून चिडवलं गेलं. सीझियम एका माणसाकडून दुसऱ्याला स्पर्शाने लागत नाही. पोटात गेलेलंही तीनेक महिन्यांत निम्मं बाहेर पडतं, मुलांचं तर आणखी लवकर. चिऊच्या पाळणाघरात फुकुशिमाची एखादी आई भेटली तर तिच्या शेजारी बस. तिने दिलेला खाऊ घे.

जुलै-ऑगस्टमध्ये फुकुशिमाचे पीच टोकियोत येतील, ते चिऊला बिनधास्त भरव. रानातून खुडलेली अळंबी कुणी कितीही प्रेमाने पुढे केली तरी हात जोडून नको म्हण.