लॅपटॉप जाईल, प्रोजेक्ट राहिला पाहिजे

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "सर, लॅपटॉप बंद पडला, प्रोजेक्ट गेला." सरांचा विश्वास बसत नाही, आणि बऱ्याचदा ते खरेच असते! आमच्या ग्रुपचे तसेच झाले. चौघांचा चार महिन्यांचा कोड एकाच लॅपटॉपवर होता. एका रात्री त्याची एसएसडी गेली. जुनी हार्डडिस्क निदान कुरकुर करून सूचना तरी द्यायची; एसएसडी पुष्कळदा काही न सांगताच जाते.

"आमच्याकडे बॅकअप आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पद्धती बऱ्याच होत्या, पण ऐनवेळी एकही धड उपयोगी पडेना. सहा तासांपूर्वी कामासाठी सहज घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवले. तात्पर्य, बॅकअप परत उघडून पाहिला नसेल, तर तो नाहीच असे समजा.

मग करायचे काय?

१) पहिल्या दिवसापासून गिट वापरा. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिले. रोज झोपण्यापूर्वी कमिट आणि पुश. गिटहबवर २०२० पासून खासगी रिपॉझिटरी ग्रुपसकट फुकट मिळते. चौघांनी क्लोन केले आणि नियमित पुल केले, की पूर्ण इतिहासाच्या चार प्रती आपोआप होतात.

२) पासवर्ड आणि एपीआय की कोडमध्ये लिहू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिचे नाव गिटइग्नोरमध्ये टाका. चुकून गेलीच तर ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. आधी की बदला.

३) अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरी ठेवा; मोबाइल चोरीला गेला की तोच कागद कामाला येतो.

४) रिपोर्ट, डेटासेट, डेटाबेसचा डंप एक्स्टर्नल डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी, साठवण्यासाठी नव्हे. आणि डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका, नाहीतर चोराला दोन्ही एकदम!

५) डिस्क एन्क्रिप्ट करा. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स. मात्र रिकव्हरी की दुसरीकडे जपून ठेवा, नाहीतर तुम्हीच बाहेर.

आता लॅपटॉप. दुकानदार आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दाखवतो. आपण आधी रॅम विचारायची. अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर आणि ब्राउजर एकदम चालू केले की ८ जीबी अपुरी पडते. १६ जीबी घ्या. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही, हे बिल होण्यापूर्वी विचारा. एसएसडी ५१२ जीबी पुरे. ग्राफिक्स कार्डाने वजन, उष्णता आणि किंमत वाढते, बॅटरी लवकर उतरते. मशीन लर्निंगचे रोजचे काम नसेल तर ते पैसे वाचवून एक्स्टर्नल डिस्क घ्या. सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक पाहावे : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर विंडोज ११ चालत नसेल तर सरळ लिनक्स टाका.

शेवटी एक परीक्षा, मार्क नसलेली. आज रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर, आपला न उघडता, प्रोजेक्ट उतरवून चालवून दाखवा. अर्ध्या तासात चालला तर तुम्ही पास. नाही चालला, तर सबमिशनला अजून वेळ आहे तोवर लागा कामाला!